वानखेडेवर प्रेक्षक, दादरला गर्दी

६ डिसेंबरला सकाळी आमच्या विहारात वंदना झाली, बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार घालून झाला, आणि आम्ही सात-आठ जण मेहकर रोडवरच्या एका हॉटेलात चहाला बसलो. हॉटेलातल्या टीव्हीवर मुंबईची कसोटी चालू होती. भारत विरुद्ध न्यूझीलंड, चौथा दिवस, किवींच्या पाच विकेट उरलेल्या. तासाभरातच खेळ आटोपला आणि भारत ३७२ धावांनी जिंकला. कॅमेरा स्टँडकडे वळला. तिथे माणसं होती. तिरंगा हलवणारी, शिट्ट्या मारणारी, मास्क हनुवटीवर ओढलेली माणसं.

आमच्यासोबत एक काका होते. गेली तीस वर्षं त्यांनी चैत्यभूमी चुकवलेली नाही. चुकली ती फक्त गेल्या वर्षी, आणि यंदा पुन्हा. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "हे मुंबईच हाय ना रे?"

"हो काका, वानखेडे. चर्चगेटले."

"मंग आपल्यालेच कायले नाही म्हनते?"

मी एमए समाजशास्त्र केलेला माणूस, उत्तर तयारच होतं. म्हटलं, काका, तिथं पंचवीस टक्केच लोक सोडले आहेत, प्रत्येकाला खुर्ची आहे, दोन डोसांचं प्रमाणपत्र गेटवर तपासतात. दादरला लाखो लोक येतात, तिथं हे कसं जमणार? काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याले कोनी इचारलं का, तुमी कितीक जन येनार म्हनून?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, आणि आठवडाभर विचार करूनही मला माझं पहिलं उत्तर तोकडंच वाटतं.

आधी घडलं काय ते नीट मांडू. २०२१ साली ३ ते ६ डिसेंबर वानखेडेवर कसोटी झाली. राज्य सरकारने पंचवीस टक्के प्रेक्षकांना परवानगी दिली. वानखेडेची क्षमता तेहतीस हजारांच्या आसपास, म्हणजे आठ हजारांच्या आसपास माणसं आत बसू शकत होती. ४ तारखेला डोंबिवलीत ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला. त्याच दिवशी मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना एका डावात दहाच्या दहा विकेट घेतल्या आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. (वाजवायलाच हव्या होत्या. असं कसोटी इतिहासात त्याआधी दोनदाच घडलं होतं.) सामना पुढे चालू राहिला, प्रेक्षकही येत राहिले. आणि त्याच दिवसांत, लोकलने वीसेक मिनिटांवर असलेल्या दादरसाठी सरकारचं आवाहन होतं: ६५ व्या महापरिनिर्वाण दिनी गर्दी करू नका, शक्यतो घरूनच अभिवादन करा. सभा नकोत, मोर्चे नकोत, शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल नकोत.

दोन्ही निर्णय एकाच सरकारचे, एकाच शहरातले, एकाच तारखेचे. सोशल मीडियावर आपल्या पोरांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावून फिरवले. मीही एक पुढे पाठवला. पण फोटो फॉरवर्ड करून वाद संपत नाही, तो तिथून सुरू होतो.

पहिली गोष्ट मी स्पष्ट सांगतो, कारण आपल्यातल्या काही मित्रांशी माझा इथेच मतभेद आहे. प्रेक्षकांना मैदानात येऊ दिलं हे चुकलं, असं मी म्हणत नाही. रिकाम्या स्टेडियमचा खेळ आपण दीड वर्ष पाहिला. २०२० च्या मे महिन्यात जर्मनीत फुटबॉल सुरू झाला तेव्हा एका क्लबने खुर्च्यांवर चाहत्यांच्या फोटोंचे पुठ्ठे उभे केले होते. लोक हसले, पण मला ते बघवलं नाही. गोव्यात इंडियन सुपर लीग २०२०-२१ च्या हंगामात पूर्णपणे बंद दाराआड झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासूनचा हंगामही फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या रिकाम्या मैदानांतच सुरू झाला. गोव्यातला फुटबॉलवेडा माणूस स्वतःच्या गावातला सामना मोबाइलवर बघत होता. खेळ गरीब माणसाच्या वाट्याला येणाऱ्या थोड्या आनंदांपैकी एक आहे. आमच्या तालुक्यात भीमजयंतीच्या निमित्ताने टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, दोन-चार गावांची पोरं एकत्र येतात, मैदानाभोवती म्हाताऱ्याही बसतात. त्या स्पर्धाही दोन वर्षं झाल्या नाहीत. तेव्हा स्टेडियम उघडलं म्हणून मी रडणार नाही. उघड्या हवेत, लस घेतलेल्या, मोजलेल्या माणसांना बसू देणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

आणि सरकारला क्रिकेटला नाही म्हणता येत नाही असंही नाही. २०२१ च्याच मार्चमध्ये पुण्याजवळ गहुंजेला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने झाले, तिन्ही प्रेक्षकांविना. रुग्ण वाढत होते, सरकारने दार लावलं आणि बीसीसीआयने ते मानलं. उलट त्याच महिन्यात अहमदाबादेत पहिल्या दोन टी-ट्वेंटींना निम्मं स्टेडियम भरू दिलं आणि मग घाईघाईने उरलेले तीन सामने बंद दाराआड घेतले. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना तो फेब्रुवारी आठवत असेल. दुसरी लाट अमरावती विभागात आधी आली. बुलडाण्यात पुन्हा निर्बंध लागले, बाजार बंद झाले, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या टोपल्या घरात सडल्या. त्याच आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, अहमदाबादेत जगातल्या सर्वांत मोठ्या क्रिकेट स्टेडियमचं नव्या नावाने उद्घाटन झालं आणि गुलाबी चेंडूची कसोटी प्रेक्षकांसमोर सुरू झाली. विषाणू राज्याची सीमा बघत नाही, पण निर्णय बघतात.

आता अवघड भाग. चैत्यभूमी म्हणजे वानखेडे नव्हे. हे मान्य न करता जो लिहितो तो स्वतःच्या लोकांना फसवतो. दादरला खुर्ची नसते, तिकीट नसतं, गेट नसतं. माणसं ४ तारखेपासून येतात, शिवाजी पार्कच्या मंडपात अंगाला अंग लावून झोपतात, एकाच नळावर तोंड धुतात, फिरत्या शौचालयांसमोर रांगा लावतात. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. त्या मंडपातली एक रात्र काय असते हे मी पाहिलं आहे, आणि कोरोनाच्या काळात ती रात्र धोक्याची होती, यात मला शंका नाही. म्हणून २०२० साली चैत्यभूमीला जाऊ नये असं मी स्वतः गावोगाव सांगितलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये जयंती घरात साजरी करा, हे आपल्याच पुढाऱ्यांनी सांगितलं आणि समाजाने ऐकलं. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही, समाजाने तेही ऐकलं. १४ एप्रिलला रात्री बारा वाजता रस्त्यावर उतरणारा समाज दारात मेणबत्ती लावून बसला. त्याचं कौतुक कोणत्या अग्रलेखात झालेलं माझ्या वाचनात नाही, पण ते असो.

प्रश्न २०२१ चा आहे. वर्षभरात लस आली, नियम बदलले, ७ ऑक्टोबरला मंदिरं उघडली, २२ ऑक्टोबरला थिएटरं उघडली, डिसेंबरात स्टेडियम उघडलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून विचार केला होता की किती टक्के, कुठून आत, कुठून बाहेर, कोणतं प्रमाणपत्र. थिएटरवाल्यांची संघटना मंत्र्यांना भेटली. क्रिकेट संघटनेने बोलणी केली. यातून टक्केवारी निघाली. चैत्यभूमीसाठी अशी टक्केवारी कुणी काढली? दोन लाख नाही तर वीस हजार, वीस हजार नाही तर तासाला एक हजार, मंडप नाही पण चालती रांग, असा काही हिशेब मांडला गेला का? मांडला असता आणि उत्तर 'नाहीच जमत' असं आलं असतं, तर मी ते काकांना समजावून सांगितलं असतं. पण आपल्या वाट्याला आलं ते आवाहन. आवाहनात आकडा नसतो, त्यामुळे त्याच्याशी वादही घालता येत नाही.

थोडं शब्दांकडे बघा. वर्तमानपत्रांत स्टेडियममधली माणसं 'प्रेक्षक' असतात. थिएटरातली 'रसिक'. देवळातली 'भाविक'. दादरला आपण 'गर्दी'. फार प्रेमाने लिहिलं तर 'जनसागर' किंवा 'भीमसागर', पण सागरही मोजता येत नाही, त्याला फक्त बांध घालता येतो. प्रेक्षकाला आसनक्रमांक असतो. त्याचं नाव नोंदलेलं असतं, त्याने पैसे दिलेले असतात, तो उद्या तक्रार करू शकतो. गर्दीला नाव नसतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला गर्दी आणि समुदाय यांतला फरक शिकवला होता. दरवर्षी त्याच तारखेला, त्याच ठिकाणी, त्याच कारणासाठी येणारी, येताना भाकरी आणि जाताना पुस्तकं बांधून नेणारी, समता सैनिक दलाच्या पोरांनी धरलेल्या दोरीमागे रांगेत उभी राहणारी माणसं हा समुदाय आहे. पण प्रशासनाच्या कागदावर ती बंदोबस्ताची बाब असते.

बसायची जागा कुणाला, हा मैदानावरचा प्रश्न तसा जुनाच आहे. पळवणकर बाळू हे नाव नव्या पोरांना माहीत असावं म्हणून सांगतो. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि त्याने शंभराच्या वर बळी घेतले. पुण्यात त्याच्याकडून सामने जिंकून घेतले जात, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्याने टाकलेला चेंडू चालत होता, त्याचा कप चालत नव्हता. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो वेगळा, मोठा विषय आहे.) आज वानखेडेच्या तिकिटावर कुणी जात विचारत नाही, हे खरं आहे. मी त्या काळाशी आजची बरोबरी करत नाही. एवढंच म्हणतो की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं याचे नियम आपोआप तयार होत नाहीत. ते करणारी माणसं ज्यांना ओळखतात, त्यांच्यासाठी ते नीट होतात.

"मग हा जातीयवाद आहे का, सरळ सांग ना," असं मला एका तरुण कार्यकर्त्याने फोनवर विचारलं. सरळ सांगायचं तर, पूर्ण नाही. कारण वारीही झाली नाही. दोन वर्षं पंढरपूरला पादुका एसटीच्या बसने गेल्या. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी, जी आमच्या जिल्ह्याचं मोठं चालतं वैभव आहे, ती पायी निघाली नाही. सैलानीची यात्रा झाली नाही, आणि त्या यात्रेवर वर्षाचं पोट असणारे शेकडो मुसलमान, बौद्ध, भटके, हिंदू दुकानदार हातावर हात ठेवून बसले. मंदिरं उघडा म्हणून २०२० च्या ऑगस्टअखेर पंढरपुरात जे मोठं आंदोलन झालं, त्याच्या पुढे बाळासाहेब आंबेडकर होते. त्यावरून आपल्यातच केवढा वाद झाला होता! बुद्धिप्रामाण्य सांगणाऱ्यांनी देऊळ उघडायला का जावं, असं मीही तेव्हा बोललो होतो. आज मला त्यातला एक मुद्दा दिसतो, जो तेव्हा दिसला नाही. ज्या जमावाला तिकीट नाही त्याच्यासाठी सरकारकडे नियमच नाही, बंदी किंवा डोळेझाक हे दोनच पर्याय आहेत, आणि हे वारकऱ्यालाही लागू आहे, यात्रेकरूलाही, आपल्यालाही. फरक एवढाच की डोळेझाक कुणाच्या वाट्याला येते आणि बंदोबस्त कुणाच्या, हे ठरताना जात डोकावते. तिथे ती मला स्पष्ट दिसते. २०२१ च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ भरला आणि बंगालात निवडणुकीच्या प्रचंड सभा झाल्या, तेव्हा डोळेझाक झाली होती.

आता दादरपर्यंत पोचण्याबद्दल बोलू, कारण ज्यांचं घर मुंबईत आहे त्यांच्या हे लक्षात येत नाही. समजा सरकारने म्हटलं असतं की या, तरी आमच्या भागातला माणूस आला कसा असता? एसटीचा संप २०२१ च्या नोव्हेंबरपासून चालू होता. लोणार, मेहकरहून मलकापूर किंवा शेगाव स्टेशन गाठायचं तर काळी-पिवळी नाही तर खासगी गाडी, आणि त्यांनी भाडं दुप्पट केलेलं. स्टेशनात जनरलचं तिकीट मिळत नव्हतं, कोरोनापासून जनरल डबाही आरक्षणाचा झाला होता. आपला माणूस वर्षानुवर्षं त्या जनरल डब्यातून गेला. मोबाइलवर आरक्षण करणारा माणूस आणि डब्याच्या दारात गठुडं घेऊन बसणारा माणूस वेगळा आहे. मुंबईत उतरल्यावर लोकलला तेव्हा दोन डोस आणि त्यावर चौदा दिवस लागत. वानखेडेला येणारा माणूस बहुतेक मुंबईतला, दोन डोसांचा, पासधारक. अट दोघांना एकच, पण एकाच्या ती खिशात आहे आणि दुसऱ्याच्या तालुक्याला.

लशीचा हिशेब तर कागदावर मांडून बघा. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. त्यावर चौदा दिवस. ६ डिसेंबरला 'पूर्ण लसवंत' ठरायचं तर पहिला डोस ३० ऑगस्टपर्यंत घेतलेला हवा. ऑगस्टमध्ये आमच्या उपकेंद्रावर काय परिस्थिती होती? पहाटे पाचला रांग, दहाला 'आज साठा नाही' चा फलक. मजुरीचा दिवस बुडवून दोनदा परत गेलेली बाई तिसऱ्यांदा येत नाही. ऑक्टोबरमध्ये 'मिशन कवच कुंडल' आलं, नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक'. तेव्हा कुठे लस वस्तीत आली. मी स्वतः आशाताईंसोबत दारोदार फिरलो आहे. भीती होती, अफवा होत्या, नाही असं नाही. एका आजीने मला सांगितलं, "तू आंधी घे, मी पाहातो तुले काय होते." मी घेतली, दाखवली, मग तिने घेतली. आमच्या काकांनी पहिला डोस घेतला २९ सप्टेंबरला. म्हणजे बंदी नसती तरी नियमाने ते त्या दिवशी दादरला बसत नव्हते. ही गोष्ट मी हॉटेलात त्यांना सांगितली नाही. सांगायला हवी होती.

आणि पुस्तकं. स्टॉल नकोत, हे एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. पण ६ डिसेंबर हा आपल्या छोट्या प्रकाशकांचा, विक्रेत्यांचा वर्षाचा हंगाम आहे. माझ्या ओळखीचे एक विक्रेते पत्र्याच्या दोन पेट्या घेऊन दरवर्षी जातात. पुस्तकं, बुद्धमूर्ती, बिल्ले, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षाची दिनदर्शिका. पुस्तक पुढच्या वर्षी विकता येतं. दिनदर्शिका फेब्रुवारीत रद्दी होते. २०२० ची छपाई त्यांच्या घरात पडून राहिली, यंदा त्यांनी छापलीच नाही, आणि सध्या ते चिखलीला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहेत. क्रिकेटचा सामना प्रेक्षकांविना झाला तरी टीव्हीचे पैसे येतात. बीसीसीआयचं पोट प्रेक्षकांच्या तिकिटावर नाही. पण चैत्यभूमीच्या स्टॉलवाल्याचं पोट समोर उभ्या असलेल्या माणसावरच आहे. मोकळ्या मैदानात, वीस-वीस फुटांवर, दिवसा, मास्क लावून पुस्तकांची दुकानं मांडणं हे बंद मॉलपेक्षा धोक्याचं कसं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मॉल तर २०२१ च्या ऑगस्टपासून उघडे होते.

इथे आपल्याच काही मित्रांना थांबवतो. 'कोरोना वगैरे काही नाही, हे आपले मेळावे मोडायचं कारस्थान आहे' अशी पोस्ट मला ६ तारखेला तीन ग्रुपवर आली. ज्यांनी ती पाठवली त्यांना विनंती आहे की एप्रिल आठवा. आमच्या एका वस्तीत त्या महिन्यात पाच माणसं गेली. एका सहकाऱ्याच्या वडिलांसाठी आम्ही रात्रभर ऑक्सिजनच्या खाटेसाठी फोन फिरवत होतो, सकाळी खाट मिळाली तेव्हा ते नव्हते. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या, आणि आपण साथीला कारस्थान म्हणायचं? विज्ञाननिष्ठा ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाची ओळख आहे. सरकारशी भांडायचं तर साथ खरी आहे हे मान्य करून भांडू. 'ते गर्दी करतात म्हणून आम्हीही करू' हा युक्तिवाद नव्हे. दुसऱ्याने केलेल्या चुकीत वाटा मागणं ही समता नसते.

जगात या प्रश्नाचं काय झालं, यातून शिकण्यासारखं आहे. १९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत मिलानच्या स्टेडियमवर अटलांटा आणि वॅलेन्सिया यांचा फुटबॉल सामना झाला. शेजारच्या बर्गामो शहरातून चाळीस हजारांच्या आसपास चाहते गेले होते. नंतर बर्गामोत जे मृत्यूचं थैमान झालं त्यात त्या रात्रीचा वाटा मोठा होता, असं तिथल्या महापौरांसह अनेकांनी म्हटलं. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. वर्षभराने इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये त्यांनी निवडक कार्यक्रमांत चाचणी करून प्रेक्षक सोडले, एफए कप फायनलला एकवीस हजारांच्या आसपास. आणि तिथे मोजलं. हवा कुठे खेळती राहते, कुठे कोंडते, माणसं कुठे एकमेकांना खेटतात. उघड्या खुर्चीपेक्षा काळजीची जागा म्हणजे आतले बंदिस्त भाग, येण्याजाण्याचे अरुंद रस्ते, खाण्याच्या खिडक्या. मग जुलैत त्याच वेम्बलीवर युरो चषकाची फायनल झाली, साठ हजारांहून अधिक लोक, वर विनातिकीट घुसलेले वेगळे. नंतर तिथल्या आरोग्य खात्याने आकडे जाहीर केले: त्या सामन्याला आलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक जण आधीच बाधित असावेत आणि तीन हजारांहून अधिक जणांना त्या सुमारास लागण झाली असावी. सरकारला अडचणीचे आकडे होते, तरी बाहेर आले.

मला यातली मोजण्याची गोष्ट हवी आहे. आपण म्हणतो चैत्यभूमी धोक्याची. कशाच्या आधारावर? समुद्रकिनाऱ्यावर चालत्या रांगेत एक माणूस स्तूपासमोर किती वेळ असतो? काही सेकंद. स्टेडियमवर तो सहा तास बसतो, ओरडतो, जेवतो. माझा अंदाज आहे की दादरचा धोका दर्शनात नाही, तो मंडपातल्या रात्रीत, गाडीच्या डब्यात आणि शौचालयाच्या रांगेत आहे. अंदाज चुकीचा असू शकतो. पण तो बरोबर असेल तर उपाय वेगळा निघतो: मुक्काम बंद ठेवा, दर्शन चालू ठेवा, १ ते ६ डिसेंबर सहा दिवसांत विभागून द्या, जिल्हावार दिवस ठरवा, गाड्या वाढवा. लोकांना थांबवण्यापेक्षा त्यांना पसरवणं सोपं होतं. त्यासाठी कुणीतरी आधी जुलैत टेबलाशी बसायला हवं होतं.

आणि इथे दोष फक्त सरकारचा नाही. क्रिकेट संघटना जाऊन बसली तशा आपल्या संघटना का बसल्या नाहीत? आपल्याकडे गटांची कमतरता नाही, मुंबईत त्या तारखेला किती बॅनर लागतात ते आपण जाणतो. त्यातल्या कुणी आराखडा घेऊन मंत्रालयात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. परिपत्रक निघाल्यावर निषेधाची पत्रकं मात्र दहा निघाली. गावोगाव विहार आहेत, भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा आहेत, समता सैनिक दल आहे. कोण जाणार, कुणाचे डोस झाले, कोण कोणत्या गाडीने, ही यादी वहीत लिहिणं आपल्याला अशक्य नाही. वर्षावासात रोज कुणाच्या घरून खीर येणार याची यादी आपण तीन महिने चालवतोच.

१ जानेवारी जवळ आली आहे. पेरणे फाट्याला पुन्हा तोच प्रश्न येईल. १२ जानेवारीला आमच्या सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती, तिथेही. ओमायक्रॉन कसं वळण घेतो, आज कुणी सांगू शकत नाही. कदाचित महिनाभरात स्टेडियमही पुन्हा बंद होतील आणि व्हायला हवेत तर व्हावेत. मग एप्रिल.

म्हणून आम्ही तालुक्यातल्या काही मित्रांनी १४ एप्रिलसाठी आत्ताच काम सुरू केलं आहे. सध्या अकरा गावांच्या याद्या झाल्या. प्रत्येक विहारात एक वही: नाव, वय, पहिला डोस, दुसऱ्याची तारीख. मिरवणुकीचा रस्ता किती रुंद, मैदानात अंतर ठेवून किती माणसं मावतात, हे पोरांनी दोरीने मोजलं. शाळेच्या मैदानाचा आकडा निघाला सहाशे चाळीस. हे सगळं घेऊन जानेवारीत तहसीलदारांकडे आणि मग जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं आहे. रुग्णसंख्या अमुक असेल तर तमुक माणसं, त्यापेक्षा वाढली तर निम्मी, त्याहून वाढली तर आम्हीच रद्द करू, असा तीन ओळींचा प्रस्ताव आहे. उत्तर लेखी मागणार आहोत. नकार आला तर तोही कारणासह लेखी हवा.

ज्यांना आपल्या तालुक्यात असं करायचं आहे त्यांनी वहीचा नमुना मागावा, पाठवतो. काकांचा दुसरा डोस २२ डिसेंबरला आहे. त्यांना घेऊन जायची पाळी माझी आहे.